क्ष-किरणचित्रांचे संग्रह आणि विद्यार्थ्यांचे संशोधन

संगणकशास्त्र किंवा जैववैद्यक विभागातील पदव्युत्तर प्रकल्पांची यादी अलीकडे चाळली, तर एक विषय थोड्याफार शब्दभेदाने पुनःपुन्हा आढळतो. छातीच्या क्ष-किरणचित्रांवरून न्यूमोनिया, क्षय अथवा अन्य फुप्फुसरोग ओळखणारी संगणकपद्धती, हा तो विषय होय. प्रबंधिकेचा साचाही बहुधा ठरून गेलेला असतो. प्रारंभी रंटगेनच्या १८९५ मधील शोधाचा आदरपूर्वक उल्लेख. मग न्यूरल नेटवर्कची घडण दाखविणारी आकृती. मग अचूकतेचे कोष्टक आणि त्यात शेकडा नव्वदांच्या वरचा एखादा आकडा. अखेरीस पुढील कार्याची दिशा. त्यामागे श्रम नसतात असे नाही. आज्ञावली लिहिलेली असते, ती रात्ररात्र चालविलेली असते, पूर्वीच्या निबंधांचा परामर्शही घेतलेला असतो. नसते ते एखादेच पान. ज्या चित्रांवर ही सारी इमारत उभी आहे ती विद्यार्थ्याने उघडून पाहिली, ती कोठून आली, कोणासाठी काढली गेली आणि त्यांवर रोगाचे नाव कोणी लिहिले याचा शोध घेतला, असे सांगणारे ते पान होय.

हे पान गाळल्याने प्रबंधिकेची शोभा कमी होते एवढेच असते, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. वस्तुतः त्या पानावाचून कोष्टकातील आकड्याला अर्थच उरत नाही.

रुग्णालयाच्या संग्रहातील क्ष-किरणचित्र हे संशोधनासाठी निर्माण झालेले नसते. एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट रुग्णाविषयी, एका डॉक्टरच्या मनात शंका आली म्हणून ते काढले जाते. क्ष-किरणतज्ज्ञ ते पाहून चार ओळींचा अहवाल लिहितो. आणि तोही त्या शंकेला उत्तर म्हणून लिहितो, चित्रातील सर्व गोष्टींची नोंद म्हणून नव्हे. रुग्णाच्या छातीत नळी आहे हे विचारणाऱ्याला ठाऊकच असेल, तर अहवालात ती नळी येईलच असे नाही. कालच्या चित्राच्या मानाने आज फरक नसेल, तर ‘पूर्ववत्’ या एका शब्दावर काम भागते. पुढे कित्येक वर्षांनी अशी लक्षावधी चित्रे एकत्र केली जातात आणि अहवालातील मजकुरावरून प्रत्येक चित्राला रोगाच्या नावाची चिठ्ठी जोडली जाते. प्रकल्पांच्या भाषेत या चिठ्ठीला ‘लेबल’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या हाती येते ते चित्र आणि हे लेबल. या दोहोंमध्ये जे अंतर पडले, ते त्याला दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून तो लेबलालाच सत्य मानून चालतो.

या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१७ मध्ये खुला केला. त्यात ३०,८०५ रुग्णांची १,१२,१२० चित्रे असून चौदा विकृतींची लेबले आहेत. ही लेबले कोणा तज्ज्ञाने चित्रे पाहून लावलेली नाहीत. अहवालांतील शब्द शोधून काढणाऱ्या आज्ञावलीने ती लावली. मूळ अहवाल मात्र खुले करण्यात आले नाहीत. त्यामुळे एखाद्या लेबलाविषयी शंका आली तरी मूळ लेखाकडे जाण्याची वाट बंद आहे. संग्राहकांनी लेबलांची यथार्थता शेकडा नव्वदांहून अधिक असल्याचे म्हटले होते. हा आकडा ऐकण्यास समाधानकारक आहे खरा. पण विरळ रोगांच्या बाबतीत त्याचा हिशेब निराळा पडतो. न्यूमोनियाचे लेबल या संग्रहात केवळ १,४३१ चित्रांना आहे. उरलेल्या चित्रांपैकी शेकडा एकाला जरी ते चुकून लागले असते, तरी अकराशेंवर खोटी लेबले निर्माण झाली असती. म्हणजे एवढ्याशा चुकीने न्यूमोनियाच्या ढिगात खऱ्याखोट्याची सरमिसळ होऊ शकते. हे त्रैराशिक शाळकरी आहे, पण प्रबंधिकांत ते मांडलेले क्वचितच दिसते.

याहून मूलगामी अडचण शब्दांची आहे. चौदा लेबलांत ‘इनफिल्ट्रेशन’, ‘कन्सॉलिडेशन’ आणि ‘न्यूमोनिया’ ही तीन नावे शेजारी शेजारी उभी आहेत. जणू काही ती तीन भिन्न वस्तूंची नावे आहेत. यांतील पहिली दोन चित्रात काय दिसते ते सांगतात: फुप्फुसाच्या काळ्या पार्श्वभूमीवर पांढुरकेपणा आला आहे. तिसरे नाव रोगाचे आहे. ताप, खोकला, रक्ततपासणी व रुग्णाचा पूर्वेतिहास यांची जोड असल्यावाचून केवळ पांढुरकेपणावरून न्यूमोनियाचे निदान होत नाही. एकाच चित्राकडे पाहून एक तज्ज्ञ पहिले नाव लिहील, दुसरा दुसरे, आणि ज्याला रुग्णाचा ताप ठाऊक आहे तो तिसरे. याच संग्रहावर आधारलेला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१७ मधील निबंध न्यूमोनिया ओळखण्यात संगणक क्ष-किरणतज्ज्ञांच्या तोडीचा ठरल्याचे मथळ्यातच जाहीर करीत होता आणि तेव्हापासून तो विद्यार्थ्यांचा आदर्श होऊन बसला आहे. त्यात तुलना झाली ती ४२० चित्रांवर व चार तज्ज्ञांशी, आणि त्या तज्ज्ञांनाही रुग्णांची कोणतीच माहिती दिलेली नव्हती. ज्या परीक्षेत वैद्याची अर्धी विद्या आधीच काढून घेतली आहे, त्या परीक्षेतील बरोबरीला किती मोल द्यावे, हा प्रश्न त्या निबंधाचा दाखला देणाऱ्याने स्वतःला विचारावयास हवा.

लेबलावर विसंबल्याने संगणक नेमके काय शिकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूमोथोरॅक्सचे आहे. छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस आकसते, त्या विकाराचे हे नाव. ल्यूक ओकडेन-रेनर या ऑस्ट्रेलियातील क्ष-किरणतज्ज्ञाने हा संग्रह स्वतःच्या डोळ्यांनी तपासण्याचे ठरविले. त्याला असे आढळले की, न्यूमोथोरॅक्सचे लेबल असलेल्या बहुसंख्य चित्रांत छातीतील हवा काढण्याची नळी आधीच बसविलेली आहे. अर्थात हे रुग्ण निदान होऊन उपचार घेत असलेले होते. आकसलेल्या फुप्फुसाची कडा ही केसासारखी बारीक रेघ असते. नळी मात्र ठळक दिसते. संगणकाने सोपी वाट धरली. ओकडेन-रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत ही गोष्ट उघडी पडते. रोगी व निरोगी यांत भेद करण्याच्या शक्तीचे जे माप वापरतात, त्यात ०.५ म्हणजे नाणेफेक व १ म्हणजे निर्दोष निवड. सर्व रुग्ण मिळून हे माप ०.८७ होते; नळी असलेल्या रुग्णांत ते ०.९४ वर गेले व नळी नसलेल्यांत ०.७७ वर घसरले. ज्याला नळी बसविली आहे त्याचे निदान करावयाचे उरलेलेच नसते. ज्याचे निदान व्हावयाचे आहे, ज्याचा जीव त्या निदानावर अवलंबून आहे, त्याच्याच बाबतीत यंत्र दुबळे ठरले, आणि ०.८७ या एकत्रित आकड्याने ते दुबळेपण झाकून टाकले.

हे शोधून काढण्यासाठी मोठे यंत्र लागले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चित्रे पाहावी लागली.

चित्रे कशी काढली गेली याकडेही असेच दुर्लक्ष होते. चालताफिरता रुग्ण क्ष-किरणकक्षात उभा राहतो, किरण पाठीकडून येतात व छाती फलकाला टेकलेली असते. अत्यवस्थ रुग्णाचे चित्र खाटेवरच, फिरत्या यंत्राने, समोरून काढावे लागते. या दुसऱ्या प्रकारात हृदय फलकापासून दूर पडते आणि त्याची छाया वास्तवाहून मोठी उमटते. तेव्हा चित्र समोरून काढलेले आहे हे ओळखता आले, की रुग्ण गंभीर असावा असा तर्क फुप्फुसाकडे न पाहताच करता येतो. वर सांगितलेल्या अमेरिकन संग्रहाच्या तक्त्यात वय व लिंग यांच्या जोडीला चित्र कोणत्या बाजूने काढले याचा स्वतंत्र रकाना दिलेला आहे. बहुतेक प्रबंधिकांत त्याचा उपयोग तर राहोच, उल्लेखही नसतो.

या तर्काचा पुरावा जॉन झेक व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पुढे आणला. त्यांनी तीन संस्थांची मिळून १,५८,३२३ चित्रे घेतली. एका रुग्णालयाच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण शेकडा ३४.२ होते, तर दुसऱ्याच्या संग्रहात अवघे १.२. चित्र कोणत्या संस्थेतील आहे हे संगणकाला जवळजवळ अचूक ओळखता येत होते. कोपऱ्यातील धातूची ‘डावी-उजवी’ खूण, चित्राची कडा, यंत्राचा विशिष्ट करडेपणा अशा गोष्टींवरून रुग्णालय ओळखावयाचे आणि रुग्णालयावरून रोग, असा आडमार्ग त्याला मोकळा होता. दोन्ही संस्थांच्या एकत्रित चित्रांवर शिकविलेल्या पद्धतीचे माप घरच्या चाचणीत ०.९३१ आले, तिसऱ्या, परक्या रुग्णालयाच्या चित्रांवर ते ०.८१५ झाले. विद्यार्थ्यांच्या कोष्टकांत असतो तो बहुतेक वेळा पहिल्या जातीचा आकडा.

आपल्याकडील प्रकल्पांत मात्र या मोठ्या संग्रहांपेक्षा एक लहान संग्रह अधिक वापरला जातो, आणि त्याची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. चीनमधील ग्वांगजौ येथील स्त्रिया व बालकांच्या वैद्यकीय केंद्रातून तो आला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५,८५६ चित्रे असून ती सर्व एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांची आहेत. आकाराने आटोपशीर, वर्ग दोनच, निरोगी व न्यूमोनिया. त्यामुळे नवशिक्याला तो सोयीचा वाटतो. तो ज्या स्वरूपात सर्रास उपलब्ध आहे त्यात शिकविण्यासाठी ५,२१६, मधल्या पडताळणीसाठी १६ आणि अंतिम चाचणीसाठी ६२४ चित्रे आहेत. पडताळणीची चित्रे सोळा! एक चित्र इकडचे तिकडे झाले तर अचूकता सव्वासहा टक्क्यांनी हलते. आणि अशा सोळा चित्रांवर पद्धतीतील बारीकसारीक फेरफारांचा निवाडा करणारे आलेख प्रबंधिकांत ऐटीत छापलेले असतात. चाचणीच्या ६२४ चित्रांपैकी ३९० न्यूमोनियाची आहेत. एखाद्याने डोळे मिटून प्रत्येक चित्राला ‘न्यूमोनिया’ म्हटले तरी तो शेकडा ६२.५ अचूक ठरेल. हा किमान आकडा कोष्टकाच्या पहिल्या ओळीत असावयास हवा. तो तेथे नसल्यामुळे वाचकाला वरचे सारे आकडे शून्यापासून मोजल्यासारखे भासतात.

याच संग्रहात न्यूमोनियाच्या चित्रांच्या नावांतच रुग्णाचा क्रमांक आहे आणि एका क्रमांकाखाली अनेक चित्रे सापडतात. पडताळणीचा भाग अपुरा आहे असे ज्याच्या ध्यानात येते, तो चांगला विद्यार्थी बहुधा शिकवणीच्या चित्रांतून काही चित्रे यदृच्छेने बाजूला काढतो. हेतू चांगला, परंतु एकाच मुलाची दोन चित्रे मग दोन्ही बाजूंस जाऊन पडतात आणि संगणकाची परीक्षा अंशतः पाहिलेल्याच प्रश्नपत्रिकेवर होते. अमेरिकन संग्रहातही दर रुग्णामागे सरासरीने साडेतीनांहून अधिक चित्रे आहेत. विभागणी चित्रांची न करता रुग्णांची केली पाहिजे, हा नियम एका वाक्यात सांगता येतो, आणि तो पाळला की नाही हे एका वाक्यात लिहिताही येते.

ग्वांगजौच्या मुलांची ही चित्रे २०२० मध्ये एका विलक्षण कामी आली. कोविडच्या साथीत जगभर रुग्णांची क्ष-किरणचित्रे मिळेल तेथून गोळा झाली आणि त्यांच्यासमोर ‘कोविड नसलेले’ म्हणून अनेकांनी ही मुलांची चित्रे मांडली. एका बाजूस प्रौढ रुग्ण, दुसऱ्या बाजूस पाच वर्षांखालील बालके. संगणकाने भेद अचूक ओळखला यात नवल नाही. बरगड्यांचा पिंजरा पाहून वय सांगण्याचेच ते काम होते. मागुओलो व नान्नी यांनी त्याच वर्षी चित्रांतील फुप्फुसांचा भाग काळ्या चौकोनाने झाकून पाहिला, तरी संगणक चित्र कोणत्या संग्रहातील आहे हे ओळखतच राहिला. पुढे २०२१ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका परीक्षणात २,२१२ निबंधांपासून प्रारंभ करून कसोट्या लावीत ६२ निबंध सविस्तर अभ्यासासाठी उरले. त्या बासष्टांपैकी एकही रुग्णालयात उपयोगी पडण्याजोगा ठरला नाही. हे निबंध नवशिक्या विद्यार्थ्यांचे नव्हते. त्यांचे लेखक जाणते होते, आणि घाईत त्यांनी नेमके तेच पान गाळले होते.

येथे एक आक्षेप संभवतो. विद्यार्थी वैद्य नाही. त्याला चित्र वाचता येत नाही. मग त्याने लेबलावर विश्वास ठेवू नये तर करावे काय? शिवाय हा केवळ अभ्यासाचा भाग आहे, त्यावरून कोणा रुग्णाला औषध दिले जात नाही. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. तथापि लेबल तपासण्यास वैद्य असावे लागतेच असे नाही; ते साक्षीच्या स्वरूपाचे आहे एवढे उमगावे लागते. चित्र वाचणाऱ्यांचे परस्परांशी जुळत नाही, हे १९४७ मध्येच अमेरिकेतील एका पाहणीत दिसून आले होते. क्षयाच्या सामुदायिक तपासणीसाठी कोणत्या आकाराची फिल्म उत्तम, हे ठरविण्यास पाच वाचक बसविले. आणि फिल्मांतील फरकांपेक्षा वाचकांतील फरकच मोठे निघाले. तीच चित्रे पुन्हा दिली तेव्हा वाचकाचे स्वतःशीही जुळले नाही. अलीकडचा दाखला फुप्फुसातील गाठींच्या संग्रहाचा आहे. त्यात १,०१८ सी.टी. तपासण्या असून प्रत्येक चार तज्ज्ञांनी वाचली; प्रथम स्वतंत्रपणे आणि नंतर इतरांच्या खुणा पाहून. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून निदान एकाने तरी दाखविलेल्या जागा २,६६९ भरल्या. चौघांचेही एकमत झाले ते ९२८ जागांवर.

या संग्रहाचे मोल असे की, त्याच्या कर्त्यांनी मतभेद पुसून टाकले नाहीत. चौघांच्या खुणा चार निराळ्या नोंदी म्हणून जपल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होताना पोथ्यांतील पाठभेद तळाशी नोंदविले गेले, ते ज्याने पाहिले आहेत त्याला या पद्धतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. स्वीकृत पाठ वर असतो. पण तो कशाकशातून निवडला हे वाचकापासून लपविलेले नसते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प मात्र या गाठींच्या संग्रहातूनही बहुमताने एकच लेबल काढतात आणि उरलेले तीन-चतुर्थांश संशोधनद्रव्य टाकून देतात.

आक्षेपाचा उत्तरार्ध मात्र टिकणारा नाही. भारतात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत. पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयतपासणीत छातीचे चित्र संगणकाने वाचण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी अशी यंत्रे वापरात आहेत. त्यांची निवड, चाचणी व देखरेख करणारे लोक आजच्या याच वर्गांतून जाणार आहेत. क्षयावरील विद्यार्थी-प्रकल्प ज्या शेन्झेन संग्रहावर उभे असतात, त्यात ३३६ चित्रे क्षयाची व ३२६ निरोगी, म्हणजे जवळजवळ निम्मेनिम्मे. गावातील तपासणीत हजारांत दहा रुग्ण असतील असे धरू. रोगी व निरोगी दोहोंस शेकडा नव्वद अचूक ओळखणारे यंत्र त्यांतील नऊंना पकडील आणि त्याबरोबर नव्व्याण्णव निरोगी माणसांनाही क्षयाच्या संशयाखाली आणील. प्रबंधिकेतील ‘नव्वद टक्के’ या शब्दांचा रुग्णशय्येपाशी हा अर्थ होतो. त्या नव्व्याण्णवांच्या थुंकीची तपासणी कोण करणार आणि ती होईपर्यंत त्यांच्या रोजगाराचे काय, हे प्रश्न प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचे म्हणून सोडून देता येत नाहीत. कारण आकडा जाहीर करणारा प्रकल्पच आहे.

तेव्हा विद्यार्थ्याने करावे तरी काय? करण्याजोगे काम विपुल आहे आणि ते नव्या नेटवर्कच्या घडणीपेक्षा कमी प्रतीचे नाही. एक उदाहरण पुरे. उत्तर अमेरिकेच्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये वरील अमेरिकन संग्रहातील सुमारे ३०,००० चित्रे निवडून ती तज्ज्ञांकडून नव्याने वाचून घेतली. त्या वेळी लेबलाचे नाव ‘न्यूमोनिया’ असे न ठेवता ‘फुप्फुसातील अपारदर्शकता’ असे ठेवण्यात आले. कारण चित्रातून तेवढेच सांगता येते. जुन्या व नव्या चित्रक्रमांकांचा मेळ घालणारी यादीही उपलब्ध आहे. म्हणजे तीस हजार चित्रांवर दोन लेबले आहेत, एक आज्ञावलीने अहवालावरून लावलेले व एक माणसाने चित्र पाहून लावलेले. ती कोठे जुळत नाहीत? खाटेवर काढलेल्या चित्रांत मतभेद अधिक आहेत काय? वृद्धांत? नळ्या व तारा असलेल्यांत? यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तक्ते, सांख्यिकी आणि काही शे चित्रे शांतपणे पाहण्याची तयारी लागते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखादा क्ष-किरणतज्ज्ञ महिन्यातून दोन दुपारी शेजारी बसला, तर प्रबंधिकेला तिचे हरवलेले पान मिळेल.

असा प्रकल्प शेकडा ९७ अचूकतेचे कोष्टक देणार नाही, आणि परीक्षकांपैकी काहींना तो अपुरा वाटेल. ही अडचण विद्यार्थ्याची नाही. गुणपत्रिकेत ‘निष्पत्ती’ या सदराखाली अचूकतेचा आकडा पाहून गुण देण्याची प्रथा विभागांनीच पाडली आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकाने संग्रहातील पाच चित्रे पडद्यावर लावावी, त्यांची लेबले झाकावी आणि ती कोणी, कशावरून लावली असतील एवढेच विद्यार्थ्याला विचारावे. त्याला किती वेळ लागतो, ते पाहता येईल.